चिमणीवरचा चिवट थर काढण्यासाठी ब्रश कसा निवडावा

स्वयंपाकघरातील चिमणीच्या फिल्टरवर साचलेला तपकिरी, चिकट थर साध्या घासणीने निघत नाही, म्हणून अनेक जण दुकानातून मिळेल तो सर्वांत कडक, बहुधा तारेचा ब्रश आणतात आणि दोन-चार वेळा जोर लावून घासल्यावर फिल्टरवर कायमचे ओरखडे पाडून ठेवतात. पुढच्या वेळी तेल त्या ओरखड्यांतच अडकून बसते आणि थर आणखी लवकर चढतो. हे टाळायचे असेल तर ब्रश निवडताना थर किती घट्ट आहे यापेक्षा थराखाली कोणता धातू आहे, याला अधिक महत्त्व द्यावे. थर सैल करण्याचे काम गरम पाण्याचे आणि सोड्याचे असते. सैल झालेला थर पृष्ठभागाला इजा न करता कानाकोपऱ्यांतून उचलून आणणे, एवढेच ब्रशचे काम असते.

थर इतका चिवट का होतो हे समजून घेतले, तर ब्रशकडून किती अपेक्षा ठेवायची हेही कळते. फोडणी आणि तळण यांतून उडालेले तेलाचे सूक्ष्म कण फिल्टरवर बसतात तेव्हा ते केवळ ओशट असतात आणि कागदाने पुसले तरी निघतात. पुढे शेगडीच्या उष्णतेत त्या तेलातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचे हळूहळू वॉर्निशसारख्या कडक पापुद्र्यात रूपांतर होते. बिडाच्या तव्यावर तेल लावून तापवत राहिल्यावर जो काळा राप धरतो, त्यामागची प्रक्रिया नेमकी हीच आहे. तव्यावर आपल्याला ती हवी असते आणि चिमणीवर नको असते, इतकाच फरक. सूर्यफूल आणि सोयाबीन यांच्या तेलांत बहुअसंतृप्त मेदाम्ले जास्त असल्यामुळे त्यांचा थर लवकर कडक होतो. शेंगदाणा तेलाला अधिक वेळ लागतो, तर बहुतांशी संतृप्त असलेले खोबरेल तेल बराच काळ ओशटच राहते आणि २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठून मेणचट दिसते. त्यामुळे एकाच दिवशी बसवलेल्या दोन घरांतील चिमण्यांवरचा थर एकाच प्रकारचा असेल असे नाही.

ब्रश घ्यायला निघण्यापूर्वी फिल्टर काढून त्याच्या एका कोपऱ्यावर नखाने ओरखडून पाहावे. बोटाला तेल लागले तर थर ताजा आहे आणि त्याला ब्रशची गरजच नाही; जुन्या वर्तमानपत्राने पुसून साबणाच्या गरम पाण्याने धुतले की पुरे. नखाखाली मधासारखा चिकट गोळा आला, तर भिजवणे आणि मध्यम कडक नायलॉनचा ब्रश यांनी काम होते. नख नुसतेच घसरले आणि काही निघाले नाही, तर थर पूर्ण कडक झाला आहे असे समजावे. अशा थरावर कोणताही ब्रश एका दमात चालत नाही. तो दोन-तीन वेळा भिजवून टप्प्याटप्प्याने काढावा लागतो.

खालचा धातू ओळखणे

बाजारातील बहुतेक चिमण्यांचे फिल्टर स्टेनलेस स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात, आणि या दोहोंसाठी लागणारे ब्रश पूर्णपणे वेगळे आहेत. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे हातात घेऊन वजन पाहणे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्यामुळे तेवढ्याच आकाराचा फिल्टर लगेच हलका जाणवतो. सोबत फ्रिजवरचे चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले तर तो ॲल्युमिनियम नाही हे नक्की. मात्र चिकटले नाही म्हणून ॲल्युमिनियमच असेल असे म्हणता येत नाही, कारण ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि ४३० प्रतीच्या स्टीलला चिकटते. चिमणीचा बाहेरचा सांगाडा बहुतेक वेळा रंगाचे लेपन केलेल्या पत्र्याचा असतो. तिथे चुंबक चिकटले म्हणून त्याला स्टेनलेस स्टील समजून कडक ब्रश लावला, तर रंग खरवडला जातो आणि काही महिन्यांत त्या जागी गंज धरतो.

काठिण्याचा नियम साधा आहे: ब्रशचा तंतू मळापेक्षा कठीण, पण खालच्या पृष्ठभागापेक्षा मऊ असावा. पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा मऊ असते, त्यामुळे स्टीलच्या फिल्टरवरील जुन्या, कडक डागांसाठी पितळी तारेचा ब्रश हलक्या हाताने वापरता येतो. क्वचित त्याची पिवळसर छटा स्टीलवर उतरते, पण ती धुतल्यावर किंवा किंचित घासल्यावर जाते. ॲल्युमिनियमवर मात्र पितळी तार चालत नाही, कारण पितळ त्याच्याहून अधिक कठीण असते. तिथे नायलॉन किंवा नारळाच्या काथ्याचा ब्रश हेच योग्य. साध्या लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडी तारेची घासणी या दोन वस्तू मी चिमणीच्या कोणत्याही भागाजवळ नेऊ देणार नाही. त्या स्टेनलेस स्टीलवर ओरखडे तर पाडतातच, शिवाय लोखंडाचे बारीक कण मागे सोडतात. हे कण गंजले की न गंजणाऱ्या स्टीलवर तांबूस ठिपके दिसू लागतात आणि ग्राहकाला फिल्टरच निकृष्ट असल्याचा संशय येतो. भांड्यांच्या हिरव्या घासणीतही खरखरीत खनिज कण बसवलेले असतात. चकचकीत पृष्ठभागावर तीही वापरू नये.

तंतूची जाडी, लांबी आणि प्रत

दुकानात ब्रशवर ‘कडक’ किंवा ‘मऊ’ असे छापलेले असले, तरी त्यावर विसंबण्यापेक्षा तंतू स्वतः पाहावेत. एका टोकाला धरलेल्या तंतूचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. याचा अर्थ असा की, तंतू दुप्पट जाड असला तर तो सोळापट ताठ होतो, आणि तेवढ्याच जाडीचा तंतू निम्म्या लांबीचा असला तर आठपट ताठ होतो. म्हणूनच एकाच नायलॉनचे दोन ब्रश हातात इतके वेगळे वाटतात. जुना टूथब्रश फार मऊ पडत असेल, तर त्याचे तंतू कात्रीने निम्मे कापावेत. कडक झालेल्या डागांसाठी तो बराच उपयोगी ठरतो आणि धातूवर ओरखडाही येत नाही. विकतच्या कितीतरी ब्रशांपेक्षा मला हा उपाय अधिक भरवशाचा वाटतो.

नायलॉनचा एक गुण खरेदीपूर्वी माहीत असायला हवा. नायलॉन पाणी शोषून घेते आणि गरम पाण्यात त्याचा ताठपणा लक्षणीयरीत्या कमी होतो. दुकानात कोरडा असताना पुरेसा कडक वाटलेला ब्रश घरी गरम पाण्यात बुडवल्यावर लिबलिबीत होतो, तो यामुळेच. त्यामुळे गरम पाण्यातील कामासाठी एक पायरी अधिक कडक ब्रश घ्यावा, किंवा दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. पीबीटी या प्रकारच्या पॉलिस्टरचे तंतू फारच थोडे पाणी शोषतात, त्यामुळे ते ओले असतानाही ताठ राहतात आणि वाकल्यावर लवकर सरळ होतात. वेष्टनावर तसा उल्लेख असेल तर त्याला प्राधान्य द्यावे. काथ्याचा ब्रश स्वस्त असतो आणि गरम पाण्यात फारसा मऊ पडत नाही. पण त्याचे तंतू जाड आणि तुटके असल्यामुळे तो अरुंद खाचांत शिरत नाही. मोकळ्या, सपाट भागांसाठी तो ठेवावा.

ब्रश घेताना अंगठ्याने तंतू आडवे दाबून सोडून पाहावेत. ते लगेच मूळ जागी येत नसतील, तर तो ब्रश पहिल्याच साफसफाईत फिसकटेल. दोन-तीन झुबके चिमटीत धरून ओढावेत. एकही तंतू हातात येता कामा नये, कारण सुटलेले तंतू जाळीत अडकतात, आणि सुटलेली धातूची तार तर विजेच्या भागांजवळ अत्यंत धोकादायक ठरू शकते. लाकडी मूठ तेल शोषते आणि वारंवार भिजल्याने चिरते, म्हणून प्लास्टिकची आणि किंचित वाकडी मूठ असलेला ब्रश घ्यावा. ओल्या, ओशट हातातून तो निसटत नाही आणि फिल्टरच्या धारदार कडेवर बोटे घासली जात नाहीत. तंतू पांढरे किंवा फिकट असले तर ब्रश स्वतः स्वच्छ झाला की नाही हे दिसते. ही बाब किरकोळ वाटेल, पण तेलाने भरलेला ब्रश मळ काढत नाही, तो पसरवतो.

कोणत्या भागाला कोणता ब्रश

बॅफल फिल्टर म्हणजे एकमेकांवर उलटसुलट बसवलेल्या पन्हळींची रचना असते. धूर त्यांतून वळणे घेत वर जातो आणि जड तेलकण प्रत्येक वळणावर पत्र्याला आदळून चिकटतात. सर्वांत जाड थर बाहेरून दिसतच नाही. तो आतल्या वळणांत असतो, आणि सपाट ब्रश तिथवर पोचत नाही. यासाठी बाटली धुण्याचा गोल ब्रश घ्यावा, पण अंदाजाने घेऊ नये. पन्हळीच्या फटीत पेन्सिल घालून रुंदी पाहावी आणि त्या रुंदीपेक्षा थोडा मोठा व्यास असलेला ब्रश निवडावा, म्हणजे तंतू दोन्ही बाजूंना दाबून घासतात. तंतोतंत तेवढ्याच व्यासाचा ब्रश नुसता स्पर्श करत फिरतो आणि फार मोठा ब्रश आत शिरल्यावर आडवा झोपतो. गोल ब्रशचे टोकही तपासावे: पिळलेली तार टोकाशी उघडी असेल तर ती प्रत्येक फेरीत पत्र्यावर रेघ ओढते. टोकाशी तंतूंचा झुबका किंवा रबरी टोपी असलेला ब्रश घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या जाळीचा फिल्टर हाताळायला अधिक नाजूक असतो. त्यात जाळीचे अनेक थर एकमेकांवर ठेवलेले असतात आणि कोणताही ब्रश फक्त वरच्या एक-दोन थरांपर्यंतच पोचतो. जोराने आडवे घासल्यास बारीक तारा वाकतात, छिद्रे बंद होतात आणि चिमणीची ओढ कमी होते. इथे बारीक, लांब तंतूंचा मऊ ब्रश घेऊन तो आडवा न ओढता जाळीवर उभा टेकवत, टोचल्यासारखा चालवावा, आणि उरलेले काम भिजवण्यावर व पाण्याच्या धारेवर सोपवावे. जाळीच्या आतला थर पूर्ण कडक झाला असेल, तर ब्रश शोधत बसण्यापेक्षा नवी जाळी घेणेच शहाणपणाचे.

पंख्याच्या पात्यांना हात लावण्यापूर्वी चिमणीचा प्लग काढावा किंवा मेन स्विच बंद करावा, आणि शेगडीच्या गॅसचा रेग्युलेटरही बंद करावा. उत्पादकाच्या पुस्तिकेत पंखा घरी काढण्याची मुभा असेल तरच तो काढावा, अन्यथा तंत्रज्ञ बोलवावा. पाती अरुंद आणि वक्र असतात, त्यामुळे त्यांना टूथब्रशएवढा किंवा स्ट्रॉ धुण्याचा बारीक गोल ब्रश लागतो, आणि तो पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवायचा असतो. सर्व पाती सारखीच स्वच्छ होईपर्यंत थांबू नये. अर्धी पाती स्वच्छ आणि अर्धी जड राहिली तर पंख्याचा तोल जातो, चिमणी थरथरते, आवाज वाढतो आणि मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. मोटरवर पाणी किंवा फवारा जाऊ देऊ नये. काच, दिव्याचे आवरण आणि स्पर्शाने चालणारी बटणे यांना कोणताच ब्रश लावू नये; साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेले मऊ कापड तिथे पुरते.

आपोआप स्वच्छ होणाऱ्या चिमणीत तापक तेल वितळवून खालच्या वाटीत गोळा करतो. तिच्या आत ब्रश घालायचे काही कारण नसते. वाटी नियमितपणे काढून घासावी आणि तिच्या काठाभोवती जमणारा चिकटा टूथब्रशने काढावा, एवढेच आपल्या हातात असते. फिल्टर नसलेल्या प्रकारात तेल थेट पंख्यापर्यंत जाते, म्हणून त्या चिमणीची वाटी भरू देणे अधिक महागात पडते.

बाहेर जाणारा पाइप साधारण ६ इंच व्यासाचा असतो. तो कडक पीव्हीसीचा असेल तर लवचीक दांड्यांवर बसवलेला, त्याच व्यासाचा नायलॉनचा गोल ब्रश आत फिरवता येतो. मात्र घडीच्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या पाइपात ब्रश घालू नये. तो पत्रा इतका नाजूक असतो की घडीत अडकलेला ब्रश मागे ओढताच फाटतो, आणि फाटलेल्या जागेतून तेलकट वाफ छताच्या पोकळीत जमा होत राहते. असा पाइप जाड थराने भरला असेल तर बदलून टाकावा. खानावळी आणि उपाहारगृहे यांच्या मोठ्या धातूच्या पाइपांत साचलेले तेल आगीला थेट निमंत्रण देते, म्हणून तिथली सफाई प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावी.

सोडा, पाणी आणि ब्रश यांचा मेळ

ब्रशची निवड कोणत्या द्रावणात तो बुडणार आहे यावरही अवलंबून असते. स्टेनलेस स्टीलच्या फिल्टरसाठी एक लिटर कढत पाण्यात साधारण दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडे भांड्यांचे द्रव साबण पुरेसे असते. अर्धा-पाऊण तास भिजवून घासावे आणि थर उरलाच तर नवे गरम पाणी घेऊन पुन्हा भिजवावे. थंड होऊ लागलेल्या पाण्यात जोर लावत बसणे व्यर्थ असते. ॲल्युमिनियमवर धुण्याचा सोडा काळपट डाग पाडतो, म्हणून तिथे केवळ साबणाचे गरम पाणी आणि फार तर थोडा खाण्याचा सोडा वापरावा, आणि तोही जास्त वेळ ठेवू नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमच्या जवळही नेऊ नये. त्या दोघांच्या अभिक्रियेत धातू झिजतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. नैसर्गिक केसांचा ब्रश कॉस्टिक सोड्यात विरघळू लागतो, कारण केस हे प्रथिन आहे. पीबीटीचे तंतूही तीव्र, गरम अल्कलीत फार वेळ टिकत नाहीत. अमोनिया असलेल्या स्वच्छतेच्या द्रवात पितळी ब्रश ठेवू नये, पितळ त्यात खराब होते. ब्लीच आणि आम्ल एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून दोन वेगवेगळी द्रावणे एकमेकांत कधीही मिसळू नयेत. रबरी हातमोजे आवश्यकच आहेत. सोड्यामुळे हात सोलवटतात आणि फिल्टरच्या कडा बोट कापण्याइतक्या धारदार असतात.

भिजवण्यापूर्वी वर्तमानपत्राने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने शक्य तितका चिकटा कोरडाच काढून केराच्या डब्यात टाकावा. त्यामुळे ब्रश तेलाने लगेच भरत नाही आणि मोरीचा पाइपही तुंबत नाही. मग आधी रुंद ब्रश, नंतर गोल ब्रश आणि शेवटी कापलेला टूथब्रश या क्रमाने काम करावे. पितळी ब्रश फक्त स्टीलवर, फक्त उरलेल्या डागांवर आणि तोही ओला असताना वापरावा. घासण्याची दिशा पत्र्यावरील रेषांना समांतर ठेवावी. फिल्टर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत बसवू नये. रोज फोडणी होणाऱ्या घरात तीन-चार आठवड्यांनी फिल्टर धुतला, तर मध्यम नायलॉनच्या ब्रशपलीकडे काहीच लागत नाही; दिवाळीच्या साफसफाईपर्यंत वाट पाहिली की पितळी तारेची वेळ येते.

लाकूड जाळणाऱ्या चुलीच्या किंवा शेकोटीच्या धुराड्याला काठिण्याचा हाच नियम वेगळ्या साहित्यानिशी लागू पडतो. गावाकडच्या निर्धूर चुलीच्या नळीत किंवा अमेरिका-कॅनडातील मराठी घरांच्या शेकोटीच्या धुराड्यात तेल नसते. तिथे काजळी आणि क्रिओसोट हा डांबरासारखा ज्वलनशील पदार्थ साचतो. मातीच्या भाजक्या अस्तराला चपट्या पोलादी तारेचा ब्रश चालतो. स्टेनलेस स्टीलच्या अस्तराला मात्र पॉलिप्रॉपिलीनचा ब्रश घ्यावा. ब्रशचा आकार धुराड्याच्या आतल्या मापाइतकाच आणि चौकोनी धुराड्याला चौकोनीच असावा. थर सुमारे ३ मिलिमीटर झाला की सफाई करावी, आणि अमेरिकेतील एनएफपीए २११ या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे वर्षातून किमान एकदा तपासणी करून घ्यावी. क्रिओसोट काचेसारखे चकचकीत झाले असेल तर कोणताही ब्रश ते काढू शकत नाही. तिथे व्यावसायिकच लागतो.

काम संपल्यावर ब्रश साबणाच्या गरम पाण्यात बुडवून जुन्या कंगव्याने विंचरावा आणि तंतू खाली येतील असा टांगून वाळवावा. चिमणीचा ब्रश भांड्यांच्या ब्रशबरोबर ठेवू नये. तंतू बाहेरच्या बाजूला फाकले आणि वाळल्यावरही सरळ झाले नाहीत की त्या ब्रशची टोके पृष्ठभागाला लागेनाशी होतात, मग तो बदलावा. पितळी ब्रशची एक जरी तार निखळून पडलेली दिसली तरी तो लगेच टाकून द्यावा आणि फिल्टर परत बसवण्यापूर्वी त्यातली प्रत्येक फट उजेडात धरून तपासावी.